मेरी जेनचे माहेर

८ जानेवारी १९७३, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एडगर व्हिटलॉक आमच्या रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात प्रथम आले. पाच वर्षांच्या नातीचे बोट माझ्यापुढे धरण्याआधी त्यांनी विचारले, "तू कोणाची पोर वं?" मी नाव सांगितले. आडनाव ऐकून त्यांनी एकदाच मान हलवली. माझी जागा त्यांच्या मनात ठरली. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "आमी व्हिटलॉक. थॉमस व्हिटलॉक इथं आला तवा नागपूर भोसल्यांचं होतं. अस्सल इंग्लिश. जरा हळू टोच."

डोक्यावर तपकिरी फेल्ट हॅट, पँटला धारदार इस्त्री आणि तोंडात सदर बाजाराच्या गल्लीतली नागपुरी, असा तो अस्सल इंग्रज होता. नातीचे, लिलीचे, हातपाय वारंवार सुजत, हाडे ठणकत, डोळ्यांत पिवळसर झाक होती. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचून घेतलेले रक्त फिकट होते. मी म्हटले, "सिकलिंगची तपासणी करून पाहू. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई आणि वडील, दोघांकडून येते."

"कोणात निघते हे?"

"या भागात बऱ्याच जणांत. आदिवासींत, आमच्या लोकांत. माझ्या मावशीच्या घरी आहे."

"मंग आमच्या लेकरात काहून शोधून राहिली?" असे म्हणून त्यांनी लिलीला कडेवर घेतले आणि ते निघाले. दारातून मात्र वळून म्हणाले, "हात हलका आहे तुझा. लेकरू रडलं नाही."

व्हिटलॉक निवृत्त ड्राफ्ट्समन होते. नातीचे औषध न्यायला पुन्हा आले तेव्हा मी विलायतेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार आहे हे त्यांना कळले, आणि त्यांनी मला दर रविवारी घरी बोलावले. माझ्या इंग्रजीचे त्यांनी पहिल्याच दिवशी निदान केले. "हे 'द' म्हणजे चौकीदार होय, पोरी. दर दारात उभा नाही करायचा. जिथं काही चोरीले जाईन, तिथंच." इतके उपयुक्त व्याकरण मला कोणत्याही प्राध्यापकाने शिकवले नव्हते. चहाबरोबर त्यांची मुलगी शर्ली नाताळात करतात ती गोड कलकल तळून आणी, आणि लिली माझ्या मांडीवर बसून माझ्या अर्जातले 'द' मोजे. मी कामासाठी जात होते. आपुलकी मागाहून शिरली.

त्या घराची मुख्य भिंत एका कागदाने व्यापली होती. त्यावर काळ्या शाईत व्हिटलॉक घराण्याचा वंशवृक्ष होता. मुळाशी थॉमस : पलटणीबरोबर कामठीला आला, नोकरी सोडल्यावर परत गेला नाही, घोड्यांचा व्यापार केला. त्याच्या शेजारी 'मेरी जेन, डेव्हनशायर'. वीस वर्षे हा माणूस कबरस्ताने, चर्चच्या नोंदी आणि म्हाताऱ्या नातेवाइकांच्या आठवणी यांतून ते झाड वाढवत होता. रेषा इतक्या स्वच्छ की माझ्या अनुवंशशास्त्राच्या पुस्तकातही तशा नव्हत्या.

"पाह्य," ते बोट फिरवत म्हणाले, "बाहेर सोयरीक नाही. माझं लग्न आमच्यातच. शर्लीचा केनेथ, तोही व्हिटलॉकच, थॉमसचाच पणतू-खापरपणतू. रगत बाहेर जाऊ देल्लं नाही आमी."

शास्त्र शिकलेल्या कोणालाही तो कागद वेगळा दिसला असता. थॉमस आणि मेरी जेनपासून निघालेल्या दोन फांद्या अनेक पिढ्या वेगळ्या चालून लिलीच्या नावापाशी पुन्हा एकत्र येत होत्या. मुळाशी काही असेल, तर ते तिच्यापर्यंत दोन्ही वाटांनी पोहोचणार होते. पण मुळाशी इंग्लंडातले डेव्हनशायर होते, जिथल्या लोकांत हा आजार निघत नाही, आणि तिथे माझे अनुमान अडत होते.

मी विचारले, "मेरी जेनची माहिती कुठून मिळाली?"

"घरातूनच. थॉमस संध्याकाळी व्हरांड्यात उभा राहून तिले हाक मारे, मेरी जेन, मेरी जेन! माझ्या आजीनं तिच्या मायकडून ऐकलेलं. डेव्हनशायर मी ठरवलं. थॉमस तिथला, मंग बायकोही तिथलीच असन."

घरी आल्यावर हे मी आईला सांगितले. आई शाळेत शिकवत असे आणि सहसा मोठ्याने हसत नसे. त्या दिवशी तिच्या हातातली वाटी निसटली. "मेरी जेन नोहे वं बाई! मेरी जान! साहेब लाडात आला की मेरी जान म्हणन, नाही तं काय म्हणन? ती माय आपल्याच इकडची कोणाची तरी पोर होय. बिचारीचं नावही कोणी विचारलं नाही."

पुढच्या रविवारी मी एकच प्रश्न विचारला. "अंकल, थॉमस तिच्याशी कोणत्या भाषेत बोलत?"

"हिंदुस्तानीत. तिले इंग्लिश कुठी येत होतं..."

वाक्य तिथेच थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिले नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांना कळले आहे हे मला कळले.

"तुले माझ्या घरात तुझी माणसं घुसवायची आहेत."

"मला कोणालाही घुसवायचे नाही. लिलीच्या बोटातला एक थेंब हवा आहे. आजार कळला, तर ताप आल्यावर काय करायचे, पोट कसे चाचपायचे, कधी धावत यायचे, हे शर्लीला शिकवता येईल."

शर्ली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "डॅडी, एकच थेंब मागून राहिली ती."

"एका थेंबानं अख्खं झाड बाटते!"

मी म्हटले, "आम्ही छप्पन साली धर्म बदलला, अंकल. रक्त बदलायची सोय तिथेही नव्हती."

 यावर ते ज्या आवाजात बोलले, तो मी पूर्वी ऐकला नव्हता. "तुमचं बरं आहे. तुमी जुनं टाकलं तं नवं घ्याले उभे होते लाखो लोक. आमी हे सोडलं तं मांगं काय राह्यते?"

"लिली राहते," मी म्हणाले.

त्यांनी माझा अर्ज घडी घालून माझ्या हातात दिला. त्यातली शेवटची चूकही त्यांनी दुरुस्त केलेली होती.

त्यानंतर त्यांनी नातीला एका खाजगी डॉक्टरकडे नेले. तिथे संधिवाताचा ताप म्हणून औषध सुरू झाले. शर्ली बापाच्या शब्दाबाहेर गेली नाही. केनेथ रेल्वेच्या ड्यूटीवर नेहमी बाहेरगावी. मेच्या अखेरीस एका दुपारी शर्ली एकटीच लिलीला घेऊन धावत आली. मुलगी पांढरीफटक होती. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. प्लीहा बेंबीपर्यंत उतरली होती. शरीरातले रक्त तिथे साठून राहिले होते. ही सूज आईच्या बोटांना सकाळीच लागली असती, जर कोणी तिला बोटे कुठे ठेवायची ते शिकवले असते.

या वेळी तपासणी डॉक्टरांनीच सांगितली. रक्तपेढीतून बाटली येईपर्यंत मी काचपट्टी तयार केली. व्हिटलॉक हॅटशिवाय आले. "माझं घ्या. पाह्यजे तेवढं घ्या," ते प्रत्येकाला सांगत होते. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. काचेखाली पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या, आणि वंशवृक्ष काढणाऱ्या माणसाला रेषा समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्यांनी पाहिले, डोळा काढला, पुन्हा पाहिले.

बाटली आली तेव्हा लिलीला तिची गरज उरली नव्हती.

संध्याकाळी ते पुन्हा माझ्या टेबलाशी आले. मला वाटले, त्यांना बसायचे असेल. मी खुर्ची ओढली. ते उभेच राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, ते विळ्याचं लिहू नको. ताप लिही. लेकरू तं गेलं. आता नाव तरी राहू दे."

मला या माणसाने इंग्रजी शिकवले होते. मला त्याची दया आली, आणि त्या दयेचाच मला राग आला. मी म्हटले, "ती कशाने गेली हेही लिहायचे नाही, तर तिचे काय लिहायचे?"

ते वळून निघून गेले. त्यानंतर आम्ही बोललो नाही. शर्ली आणि केनेथ पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेले. म्हातारा मागे राहिला आणि सदरमध्येच वारला. मला शिष्यवृत्ती मिळाली. मुलाखतीत माझ्या इंग्रजीची प्रशंसा झाली.

लिली गेली त्या संध्याकाळी, ते माझ्या टेबलापासून वळून गेल्यावर, मी पेन उचलले आणि अक्षर नेहमीपेक्षा स्पष्ट काढले. लिली व्हिटलॉक, वय पाच, मुलगी. सिकलिंग : आढळले. हिमोग्लोबिन : २.८.