चकाचक प्लेटा

लग्न होऊन नाशिकहून दोह्याला आले. वर्षभर घरात बसून वैतागले, तेव्हा मिळाली ती नोकरी धरली. लोखंडी प्लेटा, पाइप यांचा साठा करून पुरवणारी कंपनी होती. माझ्याकडे कागदपत्रं. पोलादाच्या कारखान्यातून निघालेल्या प्लेटवर तिचा नंबर ठोकलेला असतो, तोच सोबतच्या सर्टिफिकेटवर छापलेला असतो. दोन्ही जुळले की माल पास. ते जुळवून बघायला फार अक्कल लागते असं मला तेव्हा वाटायचं, आणि त्याचा ताठाही होता.

यार्ड बघायचे वसईचे एक काका. सतरा वर्षं तिथे काढलेली. इंग्रजी बेताचं, पण नुसत्या कडेवर बोट फिरवून प्लेटची जाडी सांगायचे. धाकटी मुलगी मुंबईत नर्सिंग शिकत होती. तिची दोन वर्षं उरली होती, ती झाली की कायमचं घरी जायचं, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल.

तोवर आमचा माल गेट-ग्रिल आणि शेडसाठी जायचा. तिथे नंबर कोण बघतो? गॅस प्रकल्पाची ऑर्डर पहिल्यांदाच आली होती, सहा जाड प्लेटांची. त्यांचा इन्स्पेक्टर माल तपासायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी यार्डात गेले. दमट हवेनं प्लेटांना गंज धरला होता. आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा आम्ही वाटेवरच्या दगडांनासुद्धा चुना फासायचो. तीच खोड. म्हटलं, "काका, काय हे ध्यान! उद्या सगळं चकाचक दिसलं पाहिजे हां."

"तू सांगितलंस ना, मग झालंच गो," काका म्हणाले.

सकाळी बघते तर प्लेटा ओळखू येईनात. ग्राइंडर मारून वर राखाडी रंगाचे दोन हात दिलेले. काका शाबासकीची वाट बघत उभे. इन्स्पेक्टरनं कोपरे चाचपले, टॉर्च मारून बघितलं आणि नंबर कुठे आहे म्हणून विचारलं. नंबर गंजाबरोबर घासून गेला होता.

"तुझ्या कागदावर आहे ना गो नंबर?" काकांनी मला हळूच विचारलं.

कागदावर होता. पण तो याच प्लेटांचा, हे आता कशावरून? ही गोष्ट मला ठाऊक होती, काकांना नव्हती, आणि मी सांगितली नव्हती. पुन्हा चाचणी करायला प्रकल्पवाल्यांना वेळ नव्हता. माल नाकारून इन्स्पेक्टर निघून गेला.

मॅनेजरना ठपका ठेवायला एक नाव हवं होतं. मी केबिनमध्ये जाऊन स्पष्ट सांगितलं, साफ करायला मीच सांगितलं. ते वरही न बघता म्हणाले, "मॅडम, यार्ड आपका नहीं है. आप सिर्फ रिपोर्ट टाइप कीजिए." मी पुन्हा बोलले. त्यांनी फोन उचलला. माझा इतका संताप झाला, की टेबलावरची फाईल भिरकावावीशी वाटली. भिरकावली नाही. बाहेर आले आणि रिपोर्ट टाइप केला. यार्ड प्रमुखाच्या निष्काळजीपणामुळे माल नाकारला गेला, सबब त्याचा व्हिसा रद्द करून मायदेशी पाठवावं, असं इंग्रजीत, व्याकरणशुद्ध. माझं नाव त्यात टाकलं होतं, ते मॅनेजरनी लाल पेनानं खोडलं.

दुपारी काका हात पुसत माझ्या टेबलापाशी आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "रडतेस काय वेड्यासारखी? माल तर एक नंबर होता. साहेबांना कळेल. इन्शाल्ला."

मी रिपोर्टचा कागद सहीसाठी पुढे केला. वाचून दाखवायचं ठरवलं होतं. तोंड उघडलंही.

काकांनी खिशातून पेन काढलं. "तू लिहिलंयस ना?" म्हणाले. "मग मला काय वाचायचंय. कुठे करू सही?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.