मामींच्या नावाचा ओक

पुण्यात राहून ओकच्या झाडापायी उभं आयुष्य काढणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा सापडायचा नाही, कारण पुण्यात मुळात ओकच नाही. ओक हिमालयात आणि मामा कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा दर उन्हाळ्यात कुमाऊँच्या डोंगरात जायचे, आणि लोक येताना सफरचंदं आणतात तशी हे पानं आणायचे. ती वर्तमानपत्रात घालून गादीखाली दाबून वाळवायची, ही त्यांची पद्धत. माझं नवीन लग्न झालेलं, पहिल्यांदाच त्यांच्याकडे मुक्कामाला गेले, तर कूस बदलली की पाठीखाली काहीतरी करकर वाजायचं. सकाळी मामांनी काय विचारावं? झोप लागली का? छे! "पानं मोडली नाहीत ना, सूनबाई?"

दिसेल ते पान उलटं करून बघायचं, ही दुसरी खोड. त्यांचं म्हणणं, ओकचं पान वरून कुणालाही फसवतं, ओळख पटते ती मागून. बांज ओकच्या पानाची पाठ पांढरट, रियांज ओकची तांबूस, लोकरीसारखी. असेल बापडी. पण म्हणून मंडईत पालकाची जुडी उलटी करकरून बघायची? भाजीवाली एकदा म्हणालीच, "आजोबा, घ्यायचा असंल तर घ्या, त्याची लाज काढू नका."

हिंजवडीला आम्ही फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा यांना बरोबर नेण्याची दुर्बुद्धी आम्हाला झाली. तिथला टाय लावलेला मुलगा कौतुकाने म्हणाला, "सर, आपला ओक-थीम प्रोजेक्ट आहे." मामांनी चौफेर पाहिलं. "ओक कुठाय?" "हा काय सर, गेटवर. सिल्व्हर ओक." झालं! "अहो, हा ओक नव्हे. याचं ओकशी लांबचंही नातं नाही. फ्लॅटची माहितीही अशीच देता का आपण?" तो मुलगा पांढराफटक पडला. आम्ही अजून भाड्याच्या घरात राहतो.

अशा या माणसाने जन्मात एकच हळवी गोष्ट केली होती. तरुणपणी एका उतारावर त्यांना एक ओक सापडला. त्याच्या पानांची पाठ धड पांढरी नाही, धड तांबूस नाही. मामांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला मामींचं नाव दिलं. मामी गणिताच्या शिक्षिका, स्वभावाने कडक. पण घरी नवीन माणूस आला की पोहे पुढे ठेवताना हळूच सांगायच्या, "हिमालयात माझ्या नावाची एक जात आहे बरं का!" झाड त्यांनी स्वतः कधी बघितलं नव्हतं. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी पेपर तपासणी. उन्हाळे असेच गेले.

त्या झाडाची फळं आणून मामांनी गच्चीत रोपं केली होती. पुण्याचा उन्हाळा त्यांना सोसवेना, म्हणून कुंड्यांत रोज बर्फ. आम्हाला सरबतात बर्फ मागायची चोरी! गेल्या वर्षी त्याच गच्चीत आम्हा दोघांना चहाला बोलावलं आणि मामा एकेक पान उलटं करून दाखवायला लागले.

"बघ सूनबाई, एकाच आईची पोरं. याची पाठ पांढरी, त्याची तांबडी, हा मधलाच."

"छान," मी म्हटलं.

"छान काय? अगं, म्हणजे ती वेगळी जात नाहीच! बांज आणि रियांजचा संकर आहे. दोन्ही शेजारी-शेजारी, वारा इकडचे पराग तिकडे नेतो, आणि पोरं पुन्हा दोन्ही घरांत सोयरीक करतात. सगळी सरमिसळ. माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडून जनुकंही तपासून घेतली. एका झाडावरून मी जात ठरवली. साफ चुकलो."

मी हादरलेच. मामी समोर बसल्या होत्या हो! माझ्या नवऱ्याने चहात बुडवलेलं बिस्कीट तिथेच विरघळलं. मी म्हटलं, "मामा, हळू!"

"हळू कशाला? तसा लेखसुद्धा पाठवून दिलाय."

मामींनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझं नाव गेलं?"

"नाव राहतं. संकर असला की नावाआधी फुली लावतात, एवढंच."

"जन्मभर पोरांच्या वह्यांत फुल्या मारल्या मी," मामी म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्यावरच मारलीत!" आणि उठून खाली निघून गेल्या.

माझा संताप झाला. "मामा, कोणी विचारलं होतं तुम्हाला? कोण जाणार होतं तिथे बघायला?" मामा कुंडीपाशी तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तिच्या नावाखाली खोटं कसं ठेवू गं?"

मामींनी अबोला धरला तो धरलाच. तो सुटला तेव्हा पहिलं वाक्य हे, "मला ते झाड बघायचंय." गुडघ्यांना पट्टे बांधून या वयात बाई कुमाऊँला निघाल्या! आम्ही सगळ्यांनी समजावलं, पण ऐकतील तर शपथ.

तिथून त्यांचा फोन आला. मी धास्तावूनच विचारलं, "सापडलं का झाड?"

"कुठलं सापडतंय! ह्यांना ओळखूच येईना. अगं, सगळा उतारच आता तसल्या झाडांनी भरलाय. मला चढवत नाही, मी खाली रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेय. आणि हे वर झाडाझाडाशी उभे राहून ओरडतायत, 'ही तूच गं! हीपण तूच!' माणसं बघतायत, लाज आणली मेली!"

मामी हसत होत्या. मग म्हणाल्या, "आधीच यायला हवं होतं गं. तेव्हा वर चढता आलं असतं."