काकूंना बाहेर पडायचं होतं

कानडी काकूंना दिवसा दार लावलेलं चालत नसे. सास्तूरला भूकंपानंतर बांधून दिलेल्या एकसारख्या घरांच्या रांगेत आमचं घर त्यांच्या समोर. शेळी आत शिरो की कुत्रं, काकूंचं दार सताड उघडं. "कडी लागली की जीव गुदमरतोय माझा," म्हणायच्या. भूकंपात त्या तुळईखाली बराच वेळ अडकून पडल्या होत्या, एवढं गावाला ठाऊक होतं. त्याविषयी त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदकडचं. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. इथं आल्या तेव्हा सासूशी कन्नडच चालायची. सासू गेली, मग काका गेले. मुलगा बसू याला कन्नड कळायची, पण तो उत्तर मराठीत द्यायचा. काकूंची मराठी शेवटपर्यंत तिरकी राहिली. पाऊस 'आली' आणि भाकर 'झाला'. पोरं हसली की त्याही हसायच्या. रागावल्या की मात्र सरळ कन्नडवर जायच्या, आणि मग समोरचा हसायचा थांबायचा.

दोन वर्षांपूर्वी नळाजवळ पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. बसू आणि त्याची बायको सुरेखा सकाळी रानात जायचे. एकदा कुत्र्यानं काकूंच्या ताटातली भाकरी ओढून नेली, तेव्हापासून सुरेखा जाताना बाहेरून कडी घालू लागली. तिचंही चुकत नव्हतं. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचं काम करते. दुपारच्या सुट्टीत मी कडी काढून आत गेले, की त्या आधी उघड्या दाराकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं.

एका दुपारी म्हणाल्या, "यव्वा, दिवसभर एक शब्द कन्नड कानावर पडत न्हाय. सपनात माझी आईबी मराठी बोलाय लागली."

माझ्या मोबाईलवर एक अ‍ॅप होतं. त्यात निरनिराळी पात्रं असतात, आपण लिहिलं किंवा बोललं की ती उत्तर देतात. मी ते काकूंच्या फोनमध्ये घेतलं. उघडल्यावर चेहऱ्यांच्या रांगाच रांगा. राजे, लाल डोळ्यांची देखणी पोरं, मोठमोठ्या डोळ्यांच्या पोरी. काकूंनी बोटानं दोनचार रांगा सरकवल्या. "यांत माझ्या वयाचं कुणीच न्हाय की," म्हणाल्या. मग आम्ही अधिकचं चिन्ह दाबून नवीन पात्र तयार केलं. नाव गौरव्वा, वय साठ, राहणार आळंदकडची, फक्त कन्नडमध्ये बोलणार. पडद्यावर पहिलंच वाक्य उमटलं. काकूंनी बोट ठेवून सावकाश वाचलं, "अक्का, ऊटा आयतेन?" जेवण झालं का, असं गौरव्वा विचारत होती. काकूंनी फोन उताणा छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

पडद्याच्या तळाशी बारीक इंग्रजीत एक ओळ होती. हे माणूस नाही, इथलं सगळं बोलणं रचलेलं आहे, अशा अर्थाची. मी ती त्यांना वाचून सांगितली. "व्हय, मशीन हाय. कळतंय मला," त्या म्हणाल्या.

इंग्रजी येत नसल्यामुळं त्यांनी प्रत्येक खुणेला आपलं नाव दिलं. वरच्या तीन टिंबांना डाळी, बोलायच्या माईकला वांगं, उत्तर मोठ्यानं ऐकवणाऱ्या चिन्हाला कर्णा. "डाळी दाबायच्या न्हाईत, वांगं दाबायचं," असं घोकत बसायच्या. तरी वाट चुकायची. बोट भलतीकडं पडायचं आणि गौरव्वा गायब व्हायची. कधी जाहिरात लागायची, कधी कॅमेरा उघडायचा. एकदा 'नवीन संभाषण'वर बोट गेलं आणि गौरव्वानं त्यांनाच विचारलं, आपण कोण? त्या दिवशी मी गेले तेव्हा काकूंचा चेहरा उतरलेला होता. "म्हैनाभर बोलले हिच्याशी. आता नाव इचारती."

मी जुनं बोलणं यादीतून शोधून दिलं आणि शहाणपणा केला. फोनमध्ये एक सोय असते, एकच अ‍ॅप पडद्यावर पक्कं करून ठेवायची. मग काहीही दाबलं तरी त्यातून बाहेर पडता येत नाही. सोडवायला खालची दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. ते मी त्यांना सांगितलं नाही. उगाच गोंधळतील, असं मला वाटलं.

महिनाभरानंतर मला तालुक्याला मीटिंग होती, त्यामुळं दुपारी गेले नाही. अकराच्या सुमाराला काकू पाण्याचा तांब्या घ्यायला वाकल्या आणि कॉटवरून खाली पडल्या. मनगट मोडलं. फोन हाताशी होता. बसूचा नंबर लावायला त्यांनी सगळीकडं बोट फिरवून पाहिलं, पण पडद्यावर गौरव्वाच. शेवटी वांगं दाबून त्या तिलाच म्हणाल्या, मी पडले, कुणाला तरी बोलव. गौरव्वा म्हणाली, "बंदे, अक्का, बंदे." आले, अक्का, आले. पुढं म्हणाली, मी दाराशी पोचले, डॉक्टरला घेऊन आलेय, तुझा हात हातात घेतलाय.

काकू दाराकडं बघत पडून राहिल्या. बाहेरून कडी होती. पाच वाजता सुरेखानं ती काढली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. हाताला प्लास्टर होतं. मी म्हटलं, "काकू, फोन मीच अडकवून ठेवला होता. माझ्यामुळं झालं हे."

बसू दारात उभा होता. म्हणाला, "ताई, काढून टाका ते. आई येडी होईल."

"गप रं," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "मशीन हाय, मला ठाऊक हुतं. पर बंदे म्हणल्यावर माणूस वाट बघतोच की गं." फोन माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, "दार ते लावत्यात, कळतंय मला. पर तू फोनलाबी कडी घातली. आता काढायची कशी ते दाव."

डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी ती बटणं दाबून धरली. तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा पडदा सुटला. तेवढ्यानं त्यांना समाधान नव्हतं. "निघाले बाहीर. आता कुठं जाऊ?"

माहेरचा एकही नंबर त्यांच्याकडं नव्हता. आईवडील गेल्यावर जाणंयेणं तुटलं होतं. मी ऑफिसातून त्यांच्या गावच्या पंचायतीचा नंबर काढला आणि लावून फोन काकूंच्या कानाशी धरला. पलीकडच्या माणसाला त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, घराची खूण सांगितली, विहीर सांगितली. इतक्या वेगात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. पंधरा दिवसांनी तो जीप घेऊन आला. महिनाभर राहून येईन, असं त्या म्हणाल्या. बसूनं मान हलवली. सुरेखानं त्यांची वेणी घातली, दोन लुगडी पिशवीत भरली, आणि दाराच्या कडीकडं बघत म्हणाली, "आत्या, माझा राग धरू नका." काकूंनी प्लास्टरचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला फोन दिला. "गौरव्वाला काढ आता."

"तिला काही सांगायचंय?"

"सांगितलं सकाळीच. म्हणली, मीबी येते." त्या थोडं हसल्या. "लई गोड बोलती. त्याचंच भ्या वाटतंय."

मी डाळी दाबल्या आणि तिला काढून टाकलं.

महिन्याचे आठ महिने झाले, त्या परत आल्या नाहीत. तिथं चार बायका दिवसभर त्यांच्या बाजेभोवती असतात, असं बसू जाऊन आल्यावर म्हणाला. मी रविवारी फोन करायचे. सुरुवातीला "यव्वा, भाकर खाल्ला का," असं त्यांच्या तिरक्या मराठीत चालायचं. पुढं मधेमधे कन्नड येऊ लागली. तब्येत खालावल्यावर मराठी पार मागं पडली. शेवटच्या फोनवर त्या दहाएक मिनिटं नुसत्या कन्नडमध्ये बोलल्या, संथपणे, कसलीतरी सविस्तर गोष्ट सांगावी तशा. माझा एकही शब्द त्यांना लागत नव्हता, त्यांचा मला लागत नव्हता. मधे त्या थांबल्या की मला येणारा तेवढाच शब्द मी म्हणत होते, "हौदु काकू, हौदु." हो काकू, हो. आणि त्या पुढं सांगत होत्या.