शेठचा आवाज

वाशीच्या एका हॉटेलात मी भाज्या चिरायला होते. एके दिवशी शेठने कुलूप घातलं. म्हणाला, "धंदा बसला. तुमचं नंतर बघू." शेवटचे पगार तसेच राहिले, ओव्हरटाइम तर कधी मिळालाच नव्हता. थोड्याच दिवसांत तिथे नव्या नावाची पाटी लागली आणि गल्ल्यावर तोच शेठ बसला.

"ताई, आपण केस करू," तंदूरवाले दादा म्हणाले. मूळचे मराठवाड्याचे, नावड्याला भाड्याच्या खोलीत बायकोसोबत राहायचे. युनियनच्या वकीलबाईंनी आमची केस घेतली.

कोर्टात शेठने सांगितलं, "ही माणसं माझ्याकडे कधी कामाला नव्हतीच."

दादा उभे राहिले आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले.

"डागांवरून मालक कोण ते ठरत नाही," जज्जसाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. दादांनी बाह्या खाली घेतल्या, बटणं लावली. बसस्टॉपवर एवढंच म्हणाले, "माझ्याच हातची रोटी लागायची त्याला. आज बघितलंसुद्धा नाही माझ्याकडं."

किचनच्या ग्रुपवर शेठ बोलून मेसेज टाकायचा. माझ्या मोबाइलमध्ये ते अजून होते. पुढच्या तारखेला वकीलबाईंनी एक लावला. शेठचा आवाज कोर्टात घुमला, "तंदूरवाल्याला सांगा, पार्टी उठेपर्यंत भट्टी बंद करायची नाही. घरी कोणी जायचं नाही." शेठ मान खाली घालून बसला.

तोवर दादांचा खोकला वाढला होता. खाजगी दवाखाना परवडेना, सरकारीत जाऊन यायचे. निकाल आमच्या बाजूने लागला, तेव्हा त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

शेठने दिलेला चेक दादांच्याच नावाचा निघाला. वहिनींसोबत मी बँकेत गेले.

"खातेदारांनाच यावं लागेल," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"ते वारले," वहिनी म्हणाल्या.

मग वारसाचे कागद, पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. वहिनींच्या नावाचा चेक आला तोवर त्या खोली सोडून गावी भावाकडे गेल्या होत्या. मी फोन करून चेक आल्याचं सांगितलं.

"आधी आला असता तर त्यांना ॲडमिट केलं असतं," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या आठवड्यात येते."