तुम्ही पंधरा दिवस नसलात तर…

त्या सकाळी गाडी आली नाही. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी मी नेहमीप्रमाणे डबा आणि लॅपटॉप सांभाळत उभी होते. धुकं इतकं दाट होतं की रस्त्यापलीकडची इमारतही दिसत नव्हती. पेठकर सरांची राखाडी गाडी कधी उशिरा येत नसे, आणि येणार असेलच तर ‘दोन मिनिटं’ असा मेसेज आधी येई. त्या दिवशी मेसेज नव्हता आणि फोनही उचलला जात नव्हता. ऐनवेळी मुंबईची फ्लाइट धरायला लागली असेल, असं मला वाटलं, कारण आमच्या कामात हे नेहमीचंच. मी कॅब केली आणि गुरुग्रामला ऑफिसात पोचले. कॉफीच्या मशिनपाशी उभी होते, तेवढ्यात मिरजेहून सरांच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा फोन आला. “मुक्ता, हे तुझ्याबरोबरच आहेत ना गं? फोन घेत नाहीयेत.” माझ्या तोंडून ‘हो’ निघणारच होतं, इतकी ती रोजची गोष्ट होती… त्यांच्या सोसायटीच्या लोकांनी कुलूप तोडून दार उघडलं, पण तोवर उपयोग नव्हता. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. आता हिवाळा संपला, धुकंही गेलं, आणि त्यांच्याविषयी लिहायला मी आज कुठे बसले आहे.

अविनाश पेठकर हे नाव तुम्ही कुठे वाचलेलं नसणार. ते एका खासगी कर्ज देणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. बँका ज्यांना नुसते खेटे घालायला लावतात, अशा मध्यम आकाराच्या कारखान्यांना आम्ही कर्ज देतो. पैसा धनिकांचा आणि मोठ्या संस्थांचा, व्याज बँकेपेक्षा चढं, आणि तारण घेताना हात आखडता नाही. माझी आई याला सरळ ‘सुटाबुटातली सावकारी’ म्हणते. सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले आणि म्हणाले, “काकूंना आपल्या कर्ज मंजूर करणाऱ्या कमिटीवर घे. तिथं इतकं स्पष्ट कुणी बोलत नाही.” आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, अगदी मालकालासुद्धा ‘विक्रम’. सर मात्र माझे शेवटपर्यंत सरच राहिले. चिंचवडच्या मुलीची तिच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘अवि’ म्हणायला जीभ रेटली नाही, आणि त्यांनीही आग्रह धरला नाही.

आमची खरी ओळख झाली ती गाडीत. मी दिल्लीत नवीन आले तेव्हा कॅबवाल्याशी घातलेल्या वादामुळे रोज उशिरा पोचायची. सर एकदा म्हणाले, “द्वारकेत राहतेस ना? मग उद्यापासून गेटवर उभी राहा.” त्या उद्याची पुढे वर्षं झाली. ऑफिसात इंग्रजी, बाहेर हिंदी. मराठी फक्त त्या गाडीत, दोन्ही दारं लागल्यावर. त्यातही पहिले शब्द ठरलेले. मी डावीकडे बसले की ते समोर बघत म्हणायचे, “बेल्ट.” मी पट्टा लावेपर्यंत गाडी हलायची नाही, मग मागचा हॉर्न कितीही बोंबलो. मी मुद्दाम उशीर करायचे. ते मुद्दाम थांबायचे. मग मिरजेच्या भडंगापासून कर्ज बुडवून पळालेल्या माणसांपर्यंत सगळे विषय निघत, आणि टोलनाका आला की सर गप्प होत, कारण पलीकडे ऑफिस सुरू होत असे. दिल्लीत माझं घर कुठे होतं, असं कुणी विचारलं तर मी भाड्याच्या फ्लॅटचं नाव घेणार नाही. ते त्या गाडीत होतं.

पगाराबद्दल तक्रार करायला तोंड नाही. माझ्या बाबांनी निवृत्त होताना जेवढा पाहिला नव्हता तेवढा मला सुरुवातीलाच मिळाला. पण आमच्याकडे खरा पैसा पगारात नसतो, तो पुढे लटकवलेला असतो. एका फंडातून दिलेली सगळी कर्जं वसूल झाली, फंड बंद झाला, की नफ्यातला वाटा वरच्या माणसांना मिळतो. अट एकच, त्या दिवशी तुम्ही खुर्चीत असायला हवं. मध्येच उठलात तर वाटा गेला. त्यामुळे कुणी उठत नाही. वरचा उठत नाही म्हणून खालचा वर जात नाही. सुट्ट्या कागदावर भरपूर आहेत, पण वर्षअखेरीला त्या वाया जातात आणि त्या वाया घालवण्यात सगळ्यांनाच अभिमान. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा मी पार्किंगमध्ये उभी राहून एका सिमेंट कंपनीच्या वकिलाशी बोलत होते. सर दिल्लीला आले होते ते दोन वर्षांसाठी. मुलाची शाळा, वहिनींची शिक्षिकेची नोकरी, म्हणून कुटुंब मिरजेत ठेवलं. ‘फंड बंद झाला की मिरज’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मीच ते पुरं करायचे. दोन कर्जं अडकली म्हणून फंडाची मुदत एका वर्षाने वाढली. मग आणखी एका वर्षाने. मुलगा शाळेतून कॉलेजात गेला, कॉलेजातून नोकरीला बंगळुरूला गेला… सर द्वारकेतच.

कर्ज द्यायचं की नाही हे ठरवण्याची त्यांची एक खास पद्धत होती. कागद आम्ही तपासायचो. ते कारखान्यात जाऊन मालकासमोर बसायचे आणि चहा संपत आला की विचारायचे, “आप पंद्रह दिन नहीं आए, तो फ़ैक्टरी चलेगी?” बहुतेक मालक छाती फुगवून सांगत, मेरे बिना तो यहाँ पत्ता नहीं हिलता. मालकाला वाटे आपण बाजी मारली, आणि सर तिथेच मनातल्या मनात फाईल मिटत. परतीच्या वाटेवर मला समजावत, “अगं, याचा अर्थ आपण कारखान्याला नाही, एका माणसाच्या छातीतल्या ठोक्यांना कर्ज देतोय. त्याला काही झालं की संपलं.” गाझियाबादला पुठ्ठ्याची खोकी बनवणारे गोयलजी असेच नापास झाले होते. मोठे भडकले. पण दोन महिन्यांनी स्वतःहून फोन केला, की मुलीला कारखान्यात बसवून आपण बायकोबरोबर नैनीतालला जाऊन आलो, पंधरा दिवस, आणि एकही ऑर्डर चुकली नाही. त्यांना कर्ज मिळालं. त्या दिवशी मी गाडीत विचारलं, “आणि सर, तुम्ही? तुम्ही कधी गेलात पंधरा दिवस?” ते हसले. म्हणाले, “माझं काय गं, मी थोडाच कर्ज मागायला जातोय?” गणपतीला ते दोन दिवस घरी जात, तेही लॅपटॉप घेऊन.

ते गेले त्याच दिवशी दुपारी विक्रमने सगळ्यांना बोलावलं. त्याचे डोळे लाल झाले होते, ते नाटक नव्हतं. दोन मिनिटं उभं राहून झालं. मग त्याच टेबलावर सरांची कामं वाटली गेली. हे तू बघ, ते तो बघेल. आठवड्याची कमिटी ठरल्या वेळी बसली, दोन कर्जं मंजूर झाली, एक नाकारलं. गुंतवणूकदारांना एक शोकपत्र गेलं, त्यात शेवटी लिहिलं होतं की कामकाजावर कोणताही परिणाम होणार नाही. आणि खरंच झाला नाही. मी पंधरा दिवस टक लावून बघत होते, कुठेतरी काहीतरी अडेल, कुणीतरी म्हणेल की हे अविशिवाय होणार नाही. कुणी म्हणालं नाही. सर, तुमच्या परीक्षेत आपली कंपनी पहिल्या नंबराने पास झाली. मला त्या दिवसांत इतकं एकटं वाटलं की मी घरी येऊन टीव्हीवर मराठी बातम्या लावून ठेवायचे, ऐकायला नव्हे, नुसता आवाज हवा म्हणून. गोयलजींचा फोन आला होता. म्हणाले, “बेटा, मुझे छुट्टी लेना साहब ने सिखाया। साहब ख़ुद कहाँ जाते थे छुट्टी पे?” मी नेटवर्कची सबब सांगून फोन ठेवला.

आणि मग विक्रमने मला केबिनमध्ये बोलावून सरांची खुर्ची देऊ केली. माझ्या वयाच्या बाईला आमच्या धंद्यात ही खुर्ची सहसा मिळत नाही. वाटाही मिळणार होता, पण नव्या फंडातला, म्हणजे बंद होईपर्यंत पुन्हा सगळी वर्षं. “सोच ले यार,” तो म्हणाला, “अवि भी यही चाहता।” कदाचित खरंही असेल. मला हेही ठाऊक होतं की आमच्याकडे अशा वेळी नाही म्हणणाऱ्याला पुन्हा कुणी विचारत नाही. तो नुसता नकार नसतो, तो तिथला शेवट असतो. चिंचवडच्या घराचे हप्ते होते, तिथे आई-बाबा थकत चालले होते, त्यांना माझा पैसा हवा होता आणि मीही हवी होते. असं काही ठरवायचं असलं की मी गाडीत विचारायचे.

फ्लॅट रिकामा करायला वहिनी आल्या तेव्हा मी मदतीला गेले. सामान फारसं नव्हतंच. एक कॉट, एक कुकर, सहा पांढरे शर्ट. कंपनीने माणुसकी दाखवली होती, सरांचा वाटा वहिनींना देऊ असं कळवलं होतं… फंड बंद झाल्यावर. म्हणजे आता वहिनीही त्याच फंडाची वाट बघणार. शर्टांच्या घड्या घालता घालता मी त्यांना म्हटलं, वहिनी, तिकडे सगळं एकटीने कसं निभावणार तुम्ही? त्या घडी घालायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, “घर चालतं गं. इतकी वर्षं चालतच होतं की. नळ, वीजबिल, पोराची अॅडमिशन, सासूबाईंचं आजारपण, सगळं यांच्यावाचून करायची सवय लागली होती मला. आत्ताही सकाळी उठल्यावर काही बदललंय असं वाटत नाही. मग फोन बघते, आणि रडू येतं ते त्याचंच. हा माणूस गेला आणि माझ्या घरात काही अडलं नाही, मुक्ता.”

सगळीकडेच पास झाले होते सर. मी शर्ट तिथेच ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी विक्रमला नाही म्हणून सांगितलं. तो नोटीस पीरियडच्या तारखा काढू लागला. पुण्यात एका बँकेशी बोलणं चाललं आहे. पगार जवळजवळ निम्मा, हुद्दा दोन पायऱ्या खाली, पण चिंचवडहून जाऊन-येऊन करता येईल.

गाडी अजून सरांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. मुलगा सवड काढून ती विकायला येणार आहे. तोवर बॅटरी उतरू नये म्हणून वहिनींनी किल्ली माझ्याकडे दिली. दर रविवारी मी जाते, फडक्याने काच पुसते, उजवीकडे बसून इंजिन सुरू करते. ते थोडा वेळ चालू ठेवावं लागतं. या रविवारी ते सुरू केलं, उतरले, गाडीला वळसा घालून डावीकडे माझ्या जागेवर जाऊन बसले. मला त्यांना सांगायचं होतं आणि ते मराठीत सांगायला दुसरी जागा नव्हती. “सर, मी नाही म्हटलं,” एवढंच म्हणाले, तर गाडी टुंग टुंग करायला लागली. कितीतरी वेळ मी तशीच बसले होते, नेहमीसारखा उशीर करत. मग हात मागे नेऊन बेल्ट ओढला आणि लावला.