साखरपुड्याच्या दिवशीची बाही

पुण्यात मी ज्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिथं ज्यांचे हात थरथरतात अशा माणसांसाठी एक बाही तयार होतेय. तिच्या कापडात पातळ पट्ट्या शिवलेल्या असतात. हात थरथरला की पट्ट्यांना ते कळतं आणि त्या उलट बाजूनं हलून थरथर दाबून टाकतात.

माझ्या साखरपुड्याला मी ती गावी, डिंगोऱ्याला घेऊन गेले. वडिलांचा उजवा हात दोन वर्षांपासून कापतो. मंचरहून येणाऱ्या पाहुण्यांना टिळा लावून टोपी-टॉवेल त्यांनीच द्यायचा होता. माझ्या सासऱ्यांच्या कपाळावर कुंकू वाकडंतिकडं फासलं जाईल, या विचारानंच मला कसंतरी होत होतं. "दादा, घाला ही, तुम्हालाच बरं वाटेल," मी वडिलांना म्हणाले. धडधडीत खोटं. लाज मला वाटत होती, त्यांना नाही.

त्यांनी निमूटपणे बाही चढवली आणि वरून सदऱ्याचं मनगटावरचं बटण लावलं. सगळे टिळे सरळ आले. चुलते म्हणाले, "हात लई सुधारला राव तुझा!" मी मनातून खूश झाले.

पाहुण्यांच्या गाड्या मंचरकडं निघाल्यावर मी वडिलांच्या पाया पडले. त्यांचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला आणि तिथंच अधांतरी थांबला, जराही न कापता.

"पावणं गेलं. आता काढू का ही?" त्यांनी हळूच विचारलं. "का तुला आशीर्वाद बी ही घालूनच देऊ?"