हवाईचे राखणदार आणि आईच्या गळ्यातला टाक

मी भूमच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. ड्रॉइंग मास्तर हा शाळेत तसा हलकाच माणूस. गणिताचे सर रजेवर गेले की वर्ग सांभाळायला मी, आणि गॅदरिंगला पडदे रंगवायलाही मीच. त्यामुळं पुण्याच्या एका प्रकाशकानं मुलांसाठी देशोदेशींच्या लोककथा काढायचं ठरवून त्यातलं हवाई बेटांचं पुस्तक माझ्याकडं दिलं, तेव्हा माझी छाती फुगली. गोष्टी मराठीत सांगायच्या मीच आणि चित्रंही माझीच. जपान, रशिया, आफ्रिका बाकीच्यांनी आधीच उचलले होते आणि उरलंसुरलं माझ्या वाट्याला आलं होतं, हे मात्र मी कुणाला सांगत बसलो नाही.

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही शाळेच्या सहलीत, पोरं मोजता मोजता. माझा पहिला शार्क हुबेहूब तलावातल्या मरळीसारखा आला. दोन-चार कागद फाडल्यावर जमला एकदाचा. पण गोष्टी मनात बसल्या. त्या बेटांवरचे लोक मानायचे की मेलेलं वडीलधारं माणूस घर सोडून जात नाही. शार्क होऊन, घुबड होऊन, सरडा होऊन ते परत येतं आणि आपल्या माणसांना राखतं. अशा राखणदाराला ते औमाकुआ म्हणतात. एका गोष्टीत आजोबाला नक्षीच्या कापडात गुंडाळून समुद्रात सोडतात, आणि पुढं होडीजवळ एक शार्क येतो, त्याच्या पाठीवर तीच नक्षी. नातू ओळखतो. तेव्हापासून घरात मासळी आली की पहिला वाटा त्या शार्कचा. असल्या गोष्टी मी फार मायेनं लिहिल्या, आणि तेच आता आठवलं की कसंतरी होतं.

आई आमच्या गावी, ईटला, शेतात राहते. बाजाराच्या दिवशी एसटीनं भूमला येते आणि दुपारी माझ्याकडं टेकते. ती माझ्या वडिलांची दुसरी बायको. मला जन्म दिलेली बाई मी रांगत होतो तेव्हाच वारली. तिचा एकही फोटो नाही. मला वाढवलं, मारलं, शिकवलं ते हिनं, आणि आई म्हणून हाक मी हिलाच मारली.

आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक टाक आहे. चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठसवलेली बाईची आकृती. पहिली बायको वारल्यावर जी दुसरी घरात येते तिनं पहिलीचा असा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. आई त्या टाकाला आक्का म्हणते. नवं लुगडं आणलं की आधी आक्काला दाखवायचं आणि मग नेसायचं. सणाला पोळीचा पहिला तुकडा आक्काच्या ओठाला लावायचा. मी दहावी पास झालो तेव्हा पेढासुद्धा आधी तिला लागला होता.

मला त्या टाकाची लाज वाटायची. शाळेत असताना पोरं विचारायची, तुझ्या आईच्या गळ्यात मेलेली बाई का रे? मी वळून भांडायचो, पण पुढच्या वेळी आई शाळेकडं येताना दिसली की मीच आडबाजूला व्हायचो. पुढं ड्रॉइंग मास्तर झालो तेव्हा लाजेला एक बरं कारण सापडलं. काम वाईट आहे, म्हणायचं. डोळे म्हणजे दोन ठिपके, नाकाचा पत्ता नाही, एक हात छातीशी आणि दुसरा खाली सोडलेला, तोही लांडा. सोनारानं कुणाचाही चेहरा ठोकून दिलाय, त्यात माझी आई कुठून यायची, असं मी बायकोला ऐटीत सांगितलंय.

पुस्तकाची चित्रं होत आली तेव्हा मी ती आईपुढं मांडली. ती अक्षर लावून लावून वाचते, चित्रं मात्र निरखून बघते. शार्कच्या पाठीवरची नक्षी बघून म्हणाली, “वळखू यावं म्हणून केलंय व्हय! लई शहाणी माणसं हाईत.” मग घुबड झालेल्या आजीचं चित्र आलं. त्यात आजी उंबऱ्यात उभी आहे आणि मागं पंख उमटतायत. आईनं कागद जवळ ओढला.

“ही तर आक्काच की,” ती म्हणाली.

“नाही गं. ती हवाईची आहे.”

“हात बघ तिचं. एक छातीला, एक खाली.” तिनं टाक दोन बोटांत धरून चित्राजवळ नेला. खरंच तसं होतं. माझ्या हातानं मला न विचारता ते काढलं होतं. मी गडबडीनं कागद गोळा केले.

“असंल हवाईची,” आई हसली. “तिकडं बी जाऊन आली असंल.” मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “तुला कळतंय बाबा हे समदं. मला वाटलं हुतं तुला न्हाय कळायचं.” तिला कशाचा एवढा आनंद झाला हे मी विचारलंही नाही.

पुस्तक आलं. शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला. उमरग्याहून एक प्राध्यापक पाहुणे आले. हार, शाल, नारळ, सगळं झालं. आई पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. टाक पदरावर बाहेर काढलेला आणि चिंचेनं घासून लखलखीत केलेला. दोराही नवा होता. मी व्यासपीठावरून तो बघितला आणि आज तरी आत घालायचा होता, असं माझ्या मनात आलं.

पाहुण्यांनी माझं कौतुक केलं आणि मग माइक माझ्याकडं सरकवून सहज विचारलं, “सर, आपल्या भागात असं काही आहे का हो? मेलेलं माणूस घर राखतंय, त्याला घास द्यायचा, असं?”

आई पुढं सरकून बसली. मला आठवतं, तिनं टाकाला हात लावला होता आणि ती हसत होती. आपलं नाव पुकारल्यावर वर्गात उभं राहायच्या तयारीत बसलेलं लेकरू असतं ना, तशी.

“नाही सर,” मी म्हणालो. “आपल्याकडं असं काही नाही. म्हणजे, खेड्यापाड्यांत अडाणीपणानं काही प्रकार चालतात, पण त्याला संस्कृती म्हणता येणार नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या. मग तिनं पदर ओढून घेतला आणि टाक पोलक्याच्या आत सारला. मी तिच्याकडं बघायचं टाळून शालीची घडी नीट करत बसलो.

ती मुक्कामाला आली होती, पण दुपारच्याच एसटीनं ईटला निघाली. गुरांचं कारण सांगितलं. रात्री जेवताना बायको म्हणाली, “आत्याबाईंनी सकाळी आपला देव्हारा पुसून घेतला होता. लाल कापड आणलं होतं पिशवीतून. म्हणत होत्या, माझं आता वय झालं, माझ्यामागं आक्काला कोण बघणार याचा घोर होता, पण लेकानं पुस्तक केलंय तर आता काळजी न्हाय. आजच त्याच्या हातात देते.”

“मग दिला का नाही?” मी विचारलं. बायकोनं ताट उचललं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी अडाणीपणा म्हणालो तो कुणाला म्हणालो, हे मला तेव्हा उलगडलं. दुसऱ्या बाईच्या लेकराला वाढवता वाढवता त्या बाईलाही आयुष्यभर छातीशी धरून हिंडलेल्या माणसाला. आणि ती बाई म्हणजे मला जन्म दिलेली माझीच आई होती. हजारो मैलांवरच्या लोकांचे मेलेले आजोबा मी मायेनं रंगवले आणि स्वतःच्या मेलेल्या आईला माइकवरून नाही म्हणालो.

रविवारी ईटला गेलो. आई ओट्यावर तूर पाखडत होती. मला बघून हसली, “चा टाकू का?” म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो, मग खाली मान घालूनच म्हणालो, “आई, टाक मला दे. मी सांभाळतो.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. “म्या त्या दिशीच देणार हुते, लेकरा. माझं काय न्हाय. मला तू अडाणी म्हणलास तरी मी हायेच अडाणी.”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“माझं ऱ्हाऊ दे. पण आता तिला इचारावं लागंल.”

“कुणाला?”

“आक्काला. तिनं बी ऐकलंय नव्हं का समदं. गळ्यातच हुती माझ्या.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. घरातल्या एका माणसाचं मन दुखावलंय आणि त्याची समजूत काढायची आहे, एवढंच ती सांगत होती. मग तिनं पोलक्यातून टाक बाहेर काढला, दोरा तसाच गळ्यात ठेवून माझ्याकडं वाकली, आणि टाक तळहातावर माझ्यासमोर धरला.

“इचार तूच,” ती म्हणाली.

दोन ठिपक्यांचे ते डोळे पहिल्यांदाच मी एवढ्या जवळून बघितले. भरल्या हॉलमध्ये माइकवर मी न अडखळता बोललो होतो. पण या टाकातल्या बाईला मी आयुष्यात कधी हाकच मारली नव्हती. आई म्हणावं तर आई समोर बसली होती. काय म्हणून हाक मारायची, तेच मला ठाऊक नव्हतं.